अप्पांची ‘इची, नी, सान’ आणि फॅरर पार्कचं मैदान : १९४२ च्या सिंगापूरबद्दल जाणकारांना विचारायचं आहे

कोरेगावची लेक

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातली, गेली अकरा वर्षं सिंगापुरात आहे. रोज ऑफिसला जाताना फॅरर पार्क स्टेशनवर मेट्रो पकडते. अगदी परवापर्यंत ते माझ्यासाठी नुसतं एक स्टेशन होतं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते फौजेत सप्लाय कोरात लॉरी ड्रायव्हर होते. १९४१ मध्ये मलायाला गेले आणि १९४६ मध्ये गावी परत आले. मधल्या काळाबद्दल घरात कुणी विचारलं तर ‘जपानच्या कैदेत होतो’ एवढंच सांगून उठून गोठ्यात जायचे.

पण त्यांची एक गोष्ट आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ होती. गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा मोजताना अप्पा एक, दोन, तीन म्हणत नसत. इची, नी, सान, शी, गो, रोकू असं मोजायचे. आम्हाला वाटायचं, मुलांना हसवायला काहीतरी बोलतात. लपाछपीत ज्याच्यावर राज्य येईल त्यानं तेच मोजायचं, असा आमचा नियमच होता. मागच्या महिन्यात लेकीला घेऊन कराटेच्या क्लासला गेले. मास्तरांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि मोजायला सुरुवात केली : इची, नी, सान, शी. मी बाकावर बसले होते ती ताडकन उभीच राहिले. अप्पांना जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि ते जपानी आकडे होते हे मला आत्ता कळलं.

त्या रात्रीपासून वाचतेय. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, आणि १७ तारखेला सगळ्या हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानावर जमा केलं. म्हणजे अप्पा तिथं उभे होते. मी रोज जिथून जाते तिथं.

आता खरी अडचण सांगते. अप्पांचा एक चुलत भाऊ होता, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले. फॅरर पार्कनंतर तात्या आझाद हिंद सेनेत गेले आणि अप्पा गेले नाहीत. १९७२ नंतर तात्यांना स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन सुरू झाली. पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्ची, हार, नारळ. अप्पा मागे पिंपळाच्या पाराजवळ उभे असायचे. थोरला मामा एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आमच्या बापानं त्या दिवशी हात वर केला असता तर आम्हीबी मानानं फिरलो असतो.’ अप्पा काही बोलले नाहीत. तात्यांनी मात्र मामाला असं झापलं की तो दोन दिवस घरी जेवायला आला नाही. दर दिवाळीला पहिल्या अंघोळीनंतर तात्या आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. दोघं तासभर तंबाखू मळत बसलेले असायचे, बोलणं जवळजवळ नाहीच.

इथं दर १५ फेब्रुवारीला संध्याकाळी ६.२० ला भोंगा वाजतो, शाळांतून त्या दिवसाची आठवण करून देतात. लेक विचारते, ‘पणजोबा हरलेल्या बाजूला होते ना?’ मला उत्तर देता येत नाही. एवढी मोठी फौज इतक्या लवकर कशी हरली? तोफा समुद्राकडे तोंड करून बसवल्या होत्या म्हणून हरलो, असं सगळे म्हणतात, ते खरं का? आणि त्या मैदानावर जे गेले आणि जे गेले नाहीत, त्यांच्याकडे इतिहासकार आणि फौजेतली माणसं आज कसं बघतात? कृपया मोकळेपणानं लिहा.

खडकीचा सॅपर

पोरी, मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचा. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता वय चौऱ्याहत्तर. मी खडकीला रंगरूट होतो तेव्हा रियुनियनला मलायात कैद झालेले म्हातारे यायचे. त्यांचा चहा आणून द्यायचं काम माझ्याकडे असायचं, आणि मी तिथंच घुटमळत राहायचो. काही त्यांच्याकडून ऐकलं, बाकीचं पुढे वाचून ताडून बघितलं. लांब लिहितोय, सवडीनं वाच.

आधी तुझ्या अप्पांचे आकडे. कैद्यांची हजेरी जपानीत व्हायची, तिला ते तेन्को म्हणत. ‘बांगो’ असा हुकूम झाला की रांगेतल्या एकेकानं आपला नंबर जपानीत ओरडायचा. अडखळला की थोबाडीत. एकाचा चुकला की सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून, उन्हात. एक म्हातारे आम्हाला सांगायचे, ‘बाकी सगळी भाषा विसरलो, पण झोपेतून उठवलंस तरी शंभरापर्यंत म्हणून दाखवीन.’ तुझ्या अप्पांनी ते आकडे गुळाच्या ढेपांवर खर्च केले आणि पोरांच्या खेळात दिले. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आता तोफा. मोठ्या १५ इंची तोफा पाच होत्या. त्यातल्या तीन चांगीकडच्या जोहोर बॅटरीत. तिथल्या तोफा फिरल्या, जोहोरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या मलायाच्या दिशेनं डागल्यासुद्धा. खोट होती ती गोळ्यांची. गोळे बहुतेक जहाजाचं चिलखत फोडणारे. तसला गोळा चिखलात पडला की खोल रुततो, वर पसरलेल्या पायदळाला त्याचा म्हणावा तसा उपद्रव होत नाही. पायदळावर टाकायचे फुटणारे गोळे फार थोडे होते. तेव्हा ‘तोफांचं तोंड चुकीकडे’ हे सांगायला सोपं आहे, पण लढाई तिथं हरली नाही.

लढाई हरली ती कागदावर, आणि कितीतरी आधी. सिंगापूरचा आरमारी तळ बांधला, पण आरमार ठेवलं विलायतेत. हल्ला झाला की जहाजं निघतील आणि सत्तर दिवसांत पोहोचतील, तोवर बेट टिकवायचं, असा हिशेब. युरोपात लढाई पेटल्यावर ते सत्तरचे एकशे ऐंशी दिवस झाले. १९३७ मध्ये तिथले जनरल डॉबी आणि त्यांचे स्टाफ ऑफिसर पर्सिव्हल यांनी स्वच्छ लिहून दिलं होतं की शत्रू उत्तरेकडून जमिनीवरून येऊ शकतो, पावसाळ्यातसुद्धा उतरू शकतो. हेच पर्सिव्हल १९४२ मध्ये सेनापती होते, आणि शत्रू बरोब्बर त्याच वाटेनं आला.

आम्हा सॅपर लोकांना जे नाव विसरता येत नाही ते ब्रिगेडियर सिम्सन, तिथले चीफ इंजिनिअर. त्यांनी पर्सिव्हलच्या पाठी लागून सांगितलं, बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तारा लावू द्या, सुरुंग पेरू द्या, पाण्यात अडथळे घालू द्या. सामान आहे, माणसं आहेत, फक्त हुकूम द्या. उत्तर मिळालं की असली बांधकामं दिसली की फौजेचं आणि लोकांचं मनोबल खचेल. मी आयुष्यभर हेच काम केलं आहे. खंदक खणताना जवानाचं मनोबल खचत नाही, उघड्यावर गोळीबार आला की खचतं. टँक कसा अडवायचा याची विलायतेहून आलेली माहितीपत्रकं सिम्सनना हेडक्वार्टरच्या कपाटात गठ्ठे न सोडता पडलेली सापडली. वाटलीच नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

आणि जपान्यांसमोर कोण होतं ते बघ. आपल्या पलटणींतले जुने हवालदार, जुने साहेब काढून नव्या पलटणी उभ्या करायला नेलेले. खाली राहिली ती सहा-आठ महिन्यांची पोरं. बऱ्याच जणांनी टँक पहिल्यांदा पाहिला तो अंगावर येताना. आपल्याकडे मलायात एक टँक नव्हता. ८ डिसेंबर १९४१ ला कोटा भारूच्या वाळूवर जपान्यांना पहिल्यांदा अडवलं ते हिंदी ब्रिगेडनंच, त्यात डोगरा होते. जित्राला तर पोरांना आधी थायलंडमध्ये घुसायच्या तयारीत पावसात ताटकळत ठेवलं, मग बेत रद्द केला आणि सांगितलं, आता इथंच लढा. खंदकांत पाणी भरलेलं. ७ जानेवारीला स्लिम नदीवर जपानी टँक भर रस्त्यानं एकामागून एक ठाणी फोडत गेले. मुआरला ४५ व्या ब्रिगेडमध्ये राजपुताना रायफल्स, जाट आणि गढवाल यांच्या पलटणी होत्या. ती ब्रिगेड संपलीच, ब्रिगेडियर डंकन तिथंच पडले.

पंचावन्न दिवसांत अकराशे किलोमीटर माघार. जपानी सायकलवरून मागे. टायर फुटले की नुसत्या रिंगवर चालवायचे, आणि रात्री डांबरावर तो खडखडाट ऐकून टँक आले असं वाटायचं. आमच्या लोकांनी पूल उडवायचे आणि त्यांच्या इंजिनिअरांनी ते उभे करायचे. त्यांनी अडीचशेच्या आसपास पूल दुरुस्त केले. दुश्मन असला तरी त्या कामाला मी सलाम करतो. आता विचार कर, या पंचावन्न दिवसांत ड्रायव्हरचं काय झालं असेल. पायदळ निदान आळीपाळीनं झोपतं. ड्रायव्हर दिवसा जखमी न्यायचा, रात्री दिवे बंद ठेवून दारूगोळा आणायचा, वर आकाश सगळं जपानी विमानांचं. तुझे अप्पा हरायला गेले नव्हते. झोपेविना दोन महिने ते हीच लॉरी चालवत होते.

३१ जानेवारीला शेवटची तुकडी कॉजवे, म्हणजे बेटाला जोहोरशी जोडणारा भरावाचा रस्ता, ओलांडून बेटावर आली आणि तो उडवला. जपानी सेनापती यामाशिता समोर जोहोरच्या सुलतानाच्या राजवाड्यातून बेट बघत होता. पर्सिव्हलना वाटलं हल्ला ईशान्येला येणार, म्हणून ताजी इंग्रज डिव्हिजन तिकडे. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी उतरले ते वायव्येला, सारिंबुनला, जिथं ऑस्ट्रेलियन ब्रिगेड मैलोनमैल किनाऱ्यावर विरळ पसरलेली होती. बुकित तिमाह गेलं. धरणं गेली. शहरात दहा लाखांच्या आसपास माणसं कोंडलेली, बॉम्बनी नळ फुटलेले, पाणी रस्त्यावर वाहून चाललेलं. १५ तारखेला सकाळी फोर्ट कॅनिंगच्या तळघरात बैठक बसली तेव्हा पाणी फार तर एक-दोन दिवसांचं होतं. आणि पेट्रोल? गाड्यांच्या टाक्यांत असेल तेवढंच. संध्याकाळी फोर्डच्या कारखान्यात पर्सिव्हलनी सही केली. त्या दिवशी चिनी लोकांचं नवं वर्ष होतं.

यामाशितानं पुढे लिहून ठेवलं की हा सगळा बनाव होता, त्याच्याकडे तीस हजार माणसं होती आणि दारूगोळा संपत आला होता. हे आपल्या लोकांना कैदेतून सुटल्यावर कळलं. रियुनियनमधला एक म्हातारा ही गोष्ट निघाली की बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून बाहेर जायचा.

फॅरर पार्कचं उद्या लिहितो. डोळे दुखायला लागले.

इतिहासाचा मास्तर

सुभेदार साहेबांना नमस्कार. मी कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यांच्या लिहिण्यात माझी थोडी भर.

सिंगापूरच्या पराभवाची चौकशी ब्रिटिश सरकारनं कधीच उघडपणे केली नाही. १० फेब्रुवारीला चर्चिलनी तार केली होती की शेवटपर्यंत लढा, सेनापतींनी सैनिकांबरोबर मरावं. नंतर त्यांनीच याला ब्रिटिश इतिहासातली सर्वांत वाईट आपत्ती म्हटलं. चौकशी झाली असती तर सत्तर दिवसांचा हिशेब, विमानांची कमतरता आणि लंडनमधले निर्णय टेबलावर आले असते. ती टाळली, आणि दोष खाली सरकत गेला. काहींनी ऑस्ट्रेलियन पळाले म्हटलं, काहींनी हिंदी सैनिक कच्चे होते म्हटलं. पर्सिव्हलचे वरिष्ठ सरसेनापती वेव्हेल यांच्या गोटात तयार झालेला ऑस्ट्रेलियनांवर ठपका ठेवणारा अहवाल तर १९९३ पर्यंत गुप्त होता.

हिंदी सैनिक कच्चे होते या म्हणण्याला माझं उत्तर दोन वर्षांनंतरचं आहे. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला ४/५ मराठा लाइट इन्फंट्री हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांपुढे उभी राहिली. जवळजवळ आठवडाभर पाण्याचे हाल सोसत लढली, आणि कोहिमा-इंफाळला तयारी करायला मोलाचे दिवस मिळाले. गावं तीच, वयं तीच. फरक होता तो प्रशिक्षणाचा आणि वरच्या माणसांचा. १९३९ मध्ये हिंदी फौज दोन लाखांची होती, १९४५ मध्ये ती पंचवीस लाखांवर गेली. मलायातली पोरं या वाढीच्या सर्वांत वाईट टप्प्यात सापडली. जुने लोक काढून घेतले होते आणि नवे अजून घडले नव्हते. आज या विषयावर गांभीर्यानं काम करणारा कुणी इतिहासकार सिंगापूरचा दोष शिपायावर टाकत नाही.

ताई, एक गोष्ट तुमच्या लेकीसाठी. सिंगापूरच्या चिनी घरांतून ही आठवण फार वेगळी आहे. शहर पडल्यावर काही दिवसांतच जपान्यांनी चिनी पुरुषांना तपासणीच्या नावाखाली गोळा करून किनाऱ्यांवर नेऊन मारलं. हजारो माणसं गेली. आकड्यावर अजून वाद आहे. बीच रोडवरचं चार खांबांचं स्मारक त्यांच्यासह जपानी राजवटीत बळी गेलेल्या सगळ्या नागरिकांचं आहे. आपण मराठीत सिंगापूर म्हटलं की थेट १९४३ च्या ‘चलो दिल्ली’वर येतो, त्याआधीचं हे दीड वर्ष ओलांडून. मी स्वतः वर्गात कितीतरी वर्षं असंच शिकवलं, आणि ते चुकीचं होतं असं मला वाटतं. तुमची लेक तिथल्या मुलांबरोबर शाळेत जाते. तिला दोन्ही कळू द्या.

कोरेगावची लेक

सुभेदार काका, मास्तर, काय लिहू. मामाला फोन केला आणि पेट्रोलचं आणि कपाटातल्या गठ्ठ्यांचं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, अप्पा गाडीची टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नव्हते. ट्रॅक्टर असो, जीप असो. आम्ही त्यावरून त्यांना बोलायचो.

काका, फॅरर पार्कची वाट बघते.

सावंतवाडीकर

मध्येच घुसतो, रागावू नका. या विषयात आमच्या सावंतवाडीच्या माणसाचं नाव यायलाच हवं : जगन्नाथराव भोसले. आमच्या भागातल्या तिरोड्याचे. गढवाल रायफल्सचे अधिकारी, सिंगापूर पडलं तेव्हा तिथं होते. पुढे आझाद हिंद सेनेत नेताजींच्या हाताखाली लष्करी कारभाराचे प्रमुख झाले, आझाद हिंद सरकारचे मंत्रीही. लढाई संपल्यावर इंग्रजांच्या कैदेत गेले. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत उघड्यावर आलेल्या मुलांसाठी त्यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, गाणी, व्यायाम. पुढे देशभर शाळांतून ती गेली. माझे वडील त्या योजनेतले शिक्षक होते, पांढरी पँट कडक इस्त्री करून जायचे.

ताईंच्या तात्यांनी कुणाच्या मागे जायचं ठरवलं असेल हे समजायला हे उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. आपल्या मुलखातले, आपली भाषा बोलणारे वरिष्ठ अधिकारी समोर उभे असले की शिपायाच्या मनावर त्याचा परिणाम होतोच.

खडकीचा सॅपर

सावंतवाडीकर, बरोबर लिहिलंत. आता मैदान.

शरणागतीनंतर हुकूम निघाला की इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन चांगीला जातील, हिंदी फॅरर पार्कला. फौजेत साहेब आणि जवान एकत्र कैदेत जातात ही रीत. इथं मुद्दाम वेगळं केलं. १७ फेब्रुवारीला चाळीस-पंचेचाळीस हजार हिंदी जवान त्या मैदानावर बसले होते. इंग्रजांकडून कर्नल हंट आला, त्यानं जवानांना जपान्यांच्या ताब्यात दिल्याचं सांगितलं आणि आता त्यांचे हुकूम माना असं बजावून तो निघून गेला. मग जपानी अधिकारी मेजर फुजिवारा बोलला, जपानीत. त्याचं इंग्रजी झालं, मग हिंदुस्तानी. मग कॅप्टन मोहनसिंग उभे राहिले आणि आझाद हिंद सेना उभारतोय म्हणाले.

पुढे आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरच्या लाल किल्ल्याच्या खटल्यात त्यातले एक, शाहनवाज खान, म्हणाले की गुरं एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावीत तसं आम्हाला सोपवलं असं वाटलं. आणि लक्षात घे, हे शाहनवाज सुरुवातीला सेनेत जायला तयार नव्हते, ते नंतर गेले. म्हणजे त्या मैदानावर एका दिवसात एकदाच हात वर करायचा होता आणि विषय संपला, असं नव्हतं. काही लगेच गेले. काही महिन्यांनी गेले. काही गेले आणि डिसेंबरात जपान्यांनी मोहनसिंगांनाच अटक केल्यावर बाहेर पडले. काही जखमी भावाजवळ राहायला गेले, काही आपला सुभेदार गेला म्हणून गेले. तुझ्या मामानं जो ‘हात’ म्हटला तो एवढा सरळ नव्हता.

जे गेले नाहीत त्यांचं काय झालं हे आपल्याकडे शाळेत सांगत नाहीत. गोदीत हमाली, विमानतळाची भरावाची कामं. आणि हजारो जणांना जहाजांत कोंबून न्यू गिनी आणि रबौलच्या बाजूला नेलं. उपासमार, मलेरिया, मारहाण, वरून अमेरिकन बॉम्ब. न्यू गिनीतल्या वेवाककडे नेलेल्या जवळजवळ तीन हजारांतले मूठभरच जिवंत सापडले. त्यातले जमादार चिंत सिंग जपान्यांच्या अत्याचारांबद्दल साक्ष द्यायला मागे थांबले, आणि त्यांचे वाचलेले दहा सोबती घरी निघाले तेव्हा विमान पडून गेले. १९४५ च्या नोव्हेंबरात. तीन वर्षं उपाशी राहून जगलेली माणसं, घराच्या वाटेवर.

फौजेतली माणसं कशी बघतात विचारलंस. माझ्या वेळी जुन्यांत दोन्ही प्रकारचे होते. ‘नमक’ हा शब्द मोठा मानणारे होते, ‘वतन’ मोठं मानणारेही होते. पण जे स्वतः तिथं होते ते एकमेकांना कधी टोचत नव्हते. टोचायचे ते तिथं नसलेले, आमच्यासारखे नंतरचे. एकदा आमच्या एका तरण्या नाइकानं एका म्हाताऱ्याला विचारलं, ‘बाबा, तुम्ही का नाही गेलात नेताजींबरोबर?’ त्याच्या शेजारी बसलेला दुसरा म्हातारा सेनेत गेलेला, इंफाळपर्यंत चालत गेलेला. त्यानंच उत्तर दिलं, ‘माझ्या वाट्याचा भात हा तारेखालून सरकवायचा. तू गप्प बस.’ तुझ्या तात्यांनी मामाला झापलं हे वाचून मला तो म्हातारा आठवला.

माझं स्वतःचं मत विचारशील तर, आझाद हिंद सेनेनं इंग्रजाचा फौजेवरचा भरवसा मोडला. खटले सुरू झाले तेव्हा बचावाला मुंबईचे भुलाभाई देसाई उभे राहिले, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावरचे नाविक उठले. हे ऋण मोठं आहे, तात्यांचा हार त्यांच्या हक्काचा होता. आणि अप्पांनी शपथ धरून साडेतीन वर्षं जे सोसलं त्याला कुणी हार घातला नाही, ही आपली चूक. मला यात तराजू लावता येत नाही.

आता काम. अप्पांचा नंबर घरात कुठं लिहिलेला आहे का बघ. डिस्चार्ज बुक, पे-बुक, जुन्या ट्रंकेचं झाकण, काहीही. नंबर मिळाला तर मामाला साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठव, पुढे सप्लाय कोराच्या रेकॉर्डला बंगळूरला पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो. बॉम्बे सॅपर्सचा नसला म्हणून काय झालं, माझा माणूसच आहे.

कोरेगावची लेक

काका, कालपासून तीनदा वाचलं. ट्रंक सापडली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर आहे, खालचे दोन आकडे गंजानं गेलेत. मामानं फोटो पाठवलाय. तो स्वतः म्हणाला की सोमवारी साताऱ्याला जातो. खणाखाली अजून एक कागद होता. १९४६ मध्ये बोटीवरून उतरल्यावर मिळालेल्या पगाराच्या थकबाकीचा हिशेब. मागच्या बाजूला अप्पांच्या अक्षरात, पेन्सिलीनं, तात्यांच्या आईच्या नावापुढे साठ रुपये लिहिलेत. सेनेत गेलेल्यांचे पगार अडवले होते ना? मामाला काहीच ठाऊक नव्हतं.

काल संध्याकाळी ऑफिसातून येताना फॅरर पार्कला वर आले आणि मैदानाकडे चालत गेले. मुलं फुटबॉल खेळत होती. लेकीला बरोबर घेतलं होतं. तिला सुभेदार काकांचं सायकलींचं आणि तारेखालच्या भाताचं सांगितलं, आणि मास्तर, बीच रोडच्या खांबांचंही. तिनं विचारलं, पणजोबा कुठे बसले असतील? मला काय माहीत. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग कडेच्या झाडांपासून पावलं टाकत मोजायला लागली, इची, नी, सान.

रविवारी आम्ही क्रांजीच्या युद्धस्मारकाला जाणार आहोत. तिथं भिंतींसारख्या खांबांवर चोवीस हजारांहून जास्त नावं आहेत, ज्यांची कबर सापडली नाही अशांची. ज्यांचं दहन झालं अशा जवळजवळ आठशे जणांचं वेगळं स्मारक आहे, त्यात बहुतेक आपले. इथं कुणाच्या घरातलं माणूस मलाया-सिंगापूरहून परत आलं नसेल तर नाव, पलटण आणि नंबर मला कळवा. आधी वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव शोधून खांबाचा क्रमांक काढून ठेवा, म्हणजे तिथं शोधाशोध कमी होईल. इंग्रजी स्पेलिंग वेडंवाकडं असतं, दोन-तीन प्रकारे टाकून बघा. मी फोटो काढून इथंच टाकीन. सकाळी नऊला निघतोय, शनिवारी रात्रीपर्यंत आलेली नावं घेऊन जाईन.